एकेचाळीस सेकंदांचा फरक

"या दोन डब्यांत चांगला कुठला रे, बेइशेन?"

तोलोगोनने विचारलं आणि शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात तोच त्याला कळलं की आपण घोडचूक केली. विचारायला हजार गोष्टी होत्या. हवा विचारायची, गुडघ्याचं दुखणं विचारायचं, बिश्केकच्या गल्ल्यांतला चिखल यंदा कधी वाळणार ते विचारायचं. पण समोरच्या फळीवर एक निळा आणि एक लाल असे प्रोसेसरचे दोन डबे शेजारीशेजारी ठेवलेले दिसले आणि जीभ नेमकी तिकडेच घसरली.

कॉम्प्युटर बाजाराच्या पहिल्या मजल्यावर चाळीस गाळे होते. त्यातल्या एकोणचाळीस दुकानदारांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं असतं आणि ज्याचा माल जास्त पडून आहे तो डबा पिशवीत घातला असता. बेइशेनचं तसं नव्हतं. मधल्या भावातले दोन प्रोसेसर म्हणजे त्याच्या लेखी कठीण मामला. महागडा आणि स्वस्त यांतला फरक आंधळ्यालाही कळतो, पण या मधल्यांना नीट पारखावं लागतं, असं तो अठरा वर्षं सांगत आला होता. गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारायचा, "काम कुठलं करणार? ते घेऊन ये." लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने लग्न आणायचं, नकाशे काढणाऱ्याने नकाशा आणायचा. मग दोन सारखी मशीनं मांडून, एकात हा आणि एकात तो प्रोसेसर बसवून, तेच काम तो दोघांकडून तीनतीनदा करून घ्यायचा. निकाल पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर लिहायचा. वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली वेळा, सगळ्यात खाली एकच शब्द, 'हा'. तो तुकडा निवडलेल्या डब्यात टाकला की त्याचं समाधान. एवढ्या वेळात मुलीचं लग्न जमवून बाळंतपणही उरकलं असतं, अशी बाजारात त्याची थट्टा चालायची. बेइशेनला मुलगी नव्हती. एकच मुलगा होता, आरिएत.

"बरं झालं विचारलंत, बाइके," बेइशेन म्हणाला. तोलोगोन त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, बाजारातला सर्वांत जुना दुरुस्तीवाला, म्हणून बेइशेन त्याला थोरल्या भावाचा मान द्यायचा. "तिसरी फेरी लावतच होतो. बसा. सदतीस मिनिटं लागतात."

दोन्ही हातांनी दोन्ही मशीनांवरचं बटण त्याने एकदम दाबलं. पंखे घुरघुरले. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती.

तोलोगोन बसला. त्याच्याबरोबर आलेला असानाली बसला. हा बेइशेनच्या वारलेल्या बायकोचा भाऊ, शाळामास्तर, बुधवारी सकाळी वर्ग सोडून इथे आलेला. खालच्या मजल्यावर चहा विकणारी बुरुल किटली घेऊन आली होती, तीही दाराशी स्टुलावर टेकली. दोघा पुरुषांच्या डोक्यावर लोकरीच्या पांढऱ्या नमद्याच्या टोप्या होत्या. बाजारात कोणी त्या रोज घालत नाही. काचेबाहेर, जिन्यापाशी, आणखी दहाबारा जण टोप्या घालून उगीचच उभे होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

आरिएत काल संध्याकाळी गेला होता. रशियात, बांधकामावरून मजुरांना परत नेणारी गाडी बर्फावर घसरून उलटली. सात जण होते, दोन गेले. असानालीला रात्री फोन आला. बापाला फोनवर सांगायचं नसतं, एकट्याने सांगायचं नसतं आणि धाडकन तर मुळीच सांगायचं नसतं. वडीलधारे मिळून जातात, इकडचंतिकडचं काहीतरी विचारतात, मग सर्वांत थोरला आडून एक वाक्य बोलतो. ऐकणाऱ्याला ते कळतं, आणि ज्या क्षणी कळतं त्या क्षणी त्याच्या दोन्ही खांद्यांपाशी माणसं असतात. शहरात राहून, मशीनं विकूनही हे कोणी सोडलेलं नव्हतं. सकाळी बाजाराच्या जिन्यात ठरलं की वाक्य तोलोगोनने बोलायचं. आपला फोन बंद पडल्याचं निमित्त करून बुरुलने बेइशेनचा फोन नऊ वाजताच मागून घेतला होता आणि तो तिच्या एप्रनच्या खिशात होता. मजल्यावरचं इंटरनेट कोणीतरी तळमजल्यावरूनच काढून टाकलं होतं.

हे सगळं एक वाजायच्या आत व्हायला हवं होतं. एक वाजता, म्हणजे तिकडे दहाच्या चहाच्या सुट्टीत, आरिएत रोज बापाला फोन करायचा. गेल्या तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. एकचा ठोका पडला आणि फोन आला नाही, तर बेइशेनला ते त्या न वाजलेल्या फोनवरून कळलं असतं. तसं कुठल्याच बापाला कळू नये, एवढंच तोलोगोनच्या मनात सकाळपासून घोळत होतं.

आणि आता मध्ये ही सदतीस मिनिटं आली होती. बेइशेनची फेरी चालू असताना कोणी दुसरा विषय काढलेला त्याला खपत नसे.

"हे आरिएतचंच काम आहे," बेइशेन सांगू लागला. "मे महिन्यात येतोय. घरांची चित्रं काढून देण्याचा धंदा करणार इथे. घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल ते लोकांना दाखवायचं. मला म्हणाला, बाबा, मशीन तुम्ही निवडा, माझा तुमच्यावर भरवसा आहे. बोलायची पद्धत बघा. जसा काही मी परका दुकानदार."

असानालीने मान खाली घातली.

"परवा त्याने पक्कं चित्र पाठवलं. आपल्या घराचं. गावाकडच्या जागेवर बांधायचंय ना, ते. म्हटलं याच्यावरच बघू." त्याने दोन्ही पडद्यांकडे बोट केलं. दोन्हीकडे वरून खाली, एकेक पट्टी करत, चित्र उमटत होतं. अजून नुसतं आभाळ आलं होतं. "निळ्याला सहा कोअर, पण एकेक दांडगा. लालला आठ, सगळे बेताचे. पिठाच्या ट्रकवर सहा पैलवान लावायचे की आठ साधी माणसं, असा प्रश्न आहे. थोडी पोती असली तर पैलवान पुढे. पण ट्रक मोठा असला की पैलवान तापतात, बसून घेतात. आता हा ट्रक केवढा, ते डब्यावर कुठे लिहिलेलं असतं?"

"नसतं," तोलोगोन म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं.

पहिल्या फेरीत निळा पुढे आला होता. दुसरीत लाल. मग बेइशेनच्या लक्षात आलं की खिडकीजवळच्या मशीनला बाहेरची थंडी मिळते. म्हणून आज त्याने दोन्ही टेबलं आतल्या भिंतीला लावली होती, पंख्यांचीही अदलाबदल केली होती. आपल्या मुलाच्या बाबतीत खिडकीने निकाल देऊ नये, असं तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा पुढचा सोन्याचा दात दिसला. तोलोगोनला त्या दाताकडे बघवेना.

त्याने रात्रभर वाक्याची तयारी केली होती. त्याचे आजोबा असल्या कामात पटाईत होते, तालुक्यातून लोक त्यांना न्यायला यायचे. हातावर वाढवलेल्या ससाण्याचं ते काहीतरी बोलत, आणि समोरचा माणूस रडता रडता त्यांचेच हात धरी. तोलोगोनचा जन्म मात्र सोल्डरिंगच्या धुरात गेला. तुटलेली तार जोडता येते, हे सोडून त्याला कुणाला काही सांगता येत नसे. आजोबांच्या जागी आपण बसलो आहोत याची त्याला लाज वाटत होती, आणि त्याहूनही जास्त भीती.

पडद्यांवर छप्पर आलं. मग खिडक्या. बुरुलने चहा ओतायला घेतला.

"ही खिडकी दिसतेय?" बेइशेन म्हणाला. "हिच्या आत माझं टेबल आहे. त्याला म्हटलं, अरे, बाहेरून ते दिसतही नाही, कशाला काढलंस? तर म्हणतो, नसू दे दिसत, आत आहे ना."

बुरुलने पेला त्याच्यापुढे ठेवला. बेइशेनने हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

पेला काठोकाठ भरलेला होता.

बुरुल वीस वर्षं चहा विकत होती. आपल्यात पाहुण्याला अर्धाच पेला देतात, पुन्हापुन्हा भरता यावा म्हणून, माणूस आणखी थोडा वेळ बसावा म्हणून. भरलेला पेला म्हणजे आता उठा. उद्धट गिऱ्हाइकालाही बुरुलने कधी भरून पेला दिला नव्हता. आज तिचं लक्ष तिच्या हातावर नव्हतं, तिने नुसतं ओतलं. आपण काय केलं ते तिलाही त्याच क्षणी दिसलं आणि तिने तोंडावर पदर धरल्यासारखा रुमाल धरला.

बेइशेनने पेल्यावरून नजर उचलली. बुरुलकडे पाहिलं. असानालीच्या टोपीकडे पाहिलं, तोलोगोनच्या टोपीकडे पाहिलं, मग काचेबाहेर, जिन्यापाशी उभ्या असलेल्या टोप्यांकडे. फार वेळ लागला नाही. तोलोगोनने त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला आणि त्याला वाटलं, आता हा कोसळणार. तो अर्धवट उठलाही.

बेइशेनने हाताने त्याला बसवलं.

"बाइके," तो अगदी हळू म्हणाला, "तुमचा भाऊ गेला तेव्हा आम्ही चौघं तुमच्याकडे आलो होतो. मी तुम्हाला सोल्डरिंगच्या तारेचा भाव विचारला होता. आठवतं?"

तोलोगोनला आठवत होतं. त्याने मान हलवली.

"तुम्ही मला भाव सांगितलात. पूर्ण सांगितलात. अर्धा किलो घेतली तर केवढ्याला, ते पण. मग मी बोललो."

"हो."

"मग हे संपू द्या," बेइशेन म्हणाला. "चौदा मिनिटं राहिलीयत."

तोलोगोन बाजारात तीस वर्षं होता, पण इतकी लांब चौदा मिनिटं त्याने कधी काढली नव्हती. दोन्ही पंखे आवाज करत होते. बेइशेन स्टूल पुढे ओढून पडद्यांच्या मधोमध बसला, हात गुडघ्यांवर ठेवून, आणि पट्टीपाठोपाठ पट्टी बघत राहिला. भिंती आल्या. अंगणातला जर्दाळू आला, फुललेला. झाडाखालचा लाकडी ओटा आला. असानालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलायची त्याला भीती वाटत होती. तोलोगोनच्या मनात एक वेडा विचार येऊन गेला, की ही मशीनं इथेच अडकावीत. चित्र अपुरं राहावं आणि आपण सगळे असेच बसून राहावं. मशीनांवर असा अविश्वास दाखवायची बेइशेनच्या दुकानात सोय नव्हती.

सगळ्यात शेवटी उंबरठा आला. आणि उंबरठ्यापाशी, नीट शेजारीशेजारी काढून ठेवलेले, चिखलात घालायचे रबरी जोडे. दोन जोड. एक मोठा, एक त्याहून मोठा.

"आत माणसं आहेत हे कळावं म्हणून काढले असतील," बेइशेन म्हणाला. हे त्यालाही नवीन होतं. पहिल्या दोन फेऱ्यांना त्याने फक्त वेळा बघितल्या होत्या.

लाल मशीन थांबलं. निळं अजून चालूच होतं. बेइशेनने लालची वेळ पुठ्ठ्यावर लिहिली आणि वाट पाहिली. मग निळंही थांबलं, आणि त्याने तीही वेळ लिहिली. छत्तीस मिनिटं बारा सेकंद. छत्तीस मिनिटं त्रेपन्न सेकंद. अक्षर त्याचं नेहमी असायचं तसंच होतं, तिरकं आणि स्वच्छ.

"एकेचाळीस सेकंद," तो म्हणाला. मग त्याने खणातून कॅल्क्युलेटर काढला. तोलोगोनला वाटलं, याचं डोकं फिरलं. पण बेइशेन शांतपणे बटणं दाबत होता आणि बोलत होता, गिऱ्हाइकाला समजावतो तसं. "दिवसाला दहा चित्रं धरू. वर्षाला तीनशे दिवस काम. तीस वर्षं तरी काम करेल माणूस." त्याने आकडा बघितला, पुन्हा भागला, पुन्हा बघितला. "बेचाळीस दिवस होतात. लाल घेतला तर आयुष्यातले बेचाळीस दिवस वाचतात. तेवढे दिवस मशीनपुढे बसायचं नाही. घरी बसायचं."

त्याने कॅल्क्युलेटर बंद केला, उठून खुंटीवरची आपली टोपी काढली आणि डोक्यावर घातली. मग तोलोगोनसमोर येऊन उभा राहिला.

"आता बोला, बाइके."

तोलोगोन उभा राहिला. असानाली एका बाजूला आला, बुरुल दुसऱ्या. दार उघडून बाहेरचे आत आले आणि एवढ्याशा गाळ्यात दाटीवाटीने उभे राहिले.

"बेइशेन," तोलोगोन म्हणाला, "तू हातावर वाढवलेला ससाणा..." आणि तिथेच अडला. पुढचं रात्रभर घोकलेलं सगळं पुसून गेलं. माणसं वाट बघत होती. आयुष्यात एकदाच आपल्यावर असं काम आलं आणि तेही आपल्याला जमू नये, या दुःखाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बेइशेनने त्याचा दंड धरला.

"परत येत नाही," बेइशेन म्हणाला. "असंच ना?"

"असंच."

"कधी?"

"काल. संध्याकाळी सातच्या सुमाराला, आपल्याकडच्या. गाडी बर्फावर घसरली. झोपलेला होता म्हणतात."

"सातला मी दुसरी फेरी लावली होती," बेइशेन म्हणाला. आणि मग तो कोसळला, पण जमिनीवर पडला नाही, कारण दोन्ही खांद्यांपाशी माणसं होती. कोणीतरी आरिएतच्या नावाने हंबरडा फोडला, बाकीच्यांनी तो उचलला, आणि कॉम्प्युटर बाजाराच्या पहिल्या मजल्यावर पुरुष गळे काढून रडू लागले. समोरच्या गाळ्यांमधलं संगीत बंद झालं. घड्याळात एक वाजायला पंचवीस मिनिटं कमी होती.

त्याला घरी नेल्यावर तोलोगोन एकटा गाळ्यात मागे राहिला. दोन पडद्यांवर एकच घर होतं. त्याने चष्मा लावून दोन्ही चित्रं बराच वेळ ताडून पाहिली, झाड, खिडकी, जोडे. कुठेही फरक नव्हता. चित्र जपून ठेवायचं का, असं दोन्ही मशीनं विचारत होती. त्याने दोन्हींना हो म्हटलं आणि दिवा मालवला. बुरुलने फोन आणून टेबलावर ठेवला. एक वाजला तेव्हा दोघंही त्याच्याकडे बघत उभी होती.

आरिएतला पाचव्या दिवशी आणलं आणि गावी, त्याच्या आईशेजारी पुरलं. सातव्याला बाजारातले सगळे गेले, चाळिसाव्याला पुन्हा गेले. चाळिसाव्याचं जेवण झालं की माणूस कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी बेइशेन येईल म्हणून बुरुलने त्याच्या गाळ्यासमोरचा जिना झाडून ठेवला होता. तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आला नाही, त्याच्याही पुढच्या दिवशी नाही. लोक कुजबुजू लागले की हा काही आता उठत नाही, गाळा कोणाला तरी द्यावा. असानालीला विचारलं, तर तो म्हणाला, बसलेला असतो अंगणात, काही करत नाही, नुसता बसतो. तोलोगोनने त्या बुधवारपासून बोटांवर बेचाळीस दिवस मोजले आणि लोकांना सांगितलं की मंगळवारपर्यंत थांबा.

बुधवारी सकाळी गाळ्याचं शटर वर गेलं. बेइशेन वाळला होता, टोपी आता रोजचीच झाली होती. मधल्या काळात वसंत येऊन जर्दाळूचा फुलोरा झडून गेला होता. टेबलावरचा पुठ्ठ्याचा तुकडा त्याने उचलला, त्यावरची धूळ फुंकली आणि खिशातून पेन्सिल काढून सगळ्यात खाली एक शब्द लिहिला. मशीन उघडून लाल प्रोसेसर काढला, पुसला, त्याच्या डब्यात ठेवला, वर तो तुकडा ठेवला आणि डबा विकायच्या मालापासून लांब, वरच्या फळीवर सारला.

तेवढ्यात एक बाई आली. तिला मुलीसाठी मशीन हवं होतं. दोन डब्यांकडे बोट करून तिने विचारलं की यातला चांगला कुठला. शेजारच्या गाळ्यात तोलोगोनच्या हातातली तार थांबली.

"मुलगी काम कुठलं करते?" बेइशेनने विचारलं. "ते घेऊन या. घाई नाही."